रंगरावांचा कस्तूर

वीज कडाडायची असली की रंगराव बावीस गेजचा पत्रा हलवायचे. पाऊस हवा असला की सुपात नाचणी घोळवायचे, आणि घोडा हवा असला की दोन करवंट्या पुरायच्या. पाखरांसाठी मात्र त्यांना काहीच लागत नसे. दोन ओठ, दोन बोटं आणि वरच्या दातांतली एक फट, एवढ्या सामानावर ते साळुंक्यांचं भांडण, पोपटांचा थवा आणि श्राद्धाच्या पानावर आलेला कावळा विंगेत हुबेहूब उभा करायचे. प्रेक्षकांतली म्हातारी माणसं मान वर करून नाट्यगृहाच्या छताकडे बघत.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते लेथवर टर्नर होते. १९६४ साली कोयनेच्या खोऱ्यातून आले, बायको सावित्रीबाईंसह एका भाड्याच्या खोलीत राहिले, आणि दोन वर्षांच्या आत कारखान्याच्या नाटकमंडळींनी त्यांना पकडलं. दिवसभर तेलात हात घालणारी माणसं त्या काळी संध्याकाळी दाढीमिशा चिकटवून कामगारांच्या नाट्यस्पर्धेच्या तालमी करायची. दिग्दर्शक होता नंदकिशोर, ड्रॉइंग ऑफिसातला ट्रेसर. अंगाने सुतळी आणि आवाजाने भोंगा. भल्याभल्या फोरमनना त्याने तालमीत रडवलं होतं, पण रंगरावांपुढे तो हात जोडायचा, कारण रंगराव आजारी पडले तर त्याच्या नाटकात सकाळच उजाडायची नाही.

१९७१ च्या स्पर्धेत या सकाळीनेच घात केला. नाटकात संक्रांतीचा प्रवेश होता. पडदा वर गेला, निळसर उजेड आला, आणि रंगरावांनी विंगेतून असा काही कोकीळ काढला की लोकांनी टाळ्या दिल्या. परीक्षकांनी मात्र शेऱ्यात लिहिलं की पौषाच्या थंडीत कोकीळ गातो, ही या कारखान्यातली नवी निर्मिती दिसते.

नंदकिशोरने शेरा मोठ्याने वाचला. सगळे हसले, रंगरावही हसले. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत. पाखरू कसं बोलतं हे आपल्याला येतं, पण ते कधी बोलतं आणि कधी गप्प बसतं, हे आपण कुणाला विचारलंच नाही, एवढंच त्यांच्या मनात घोळत राहिलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी सायकल काढली आणि मोशीला नदीवर गेले.

मोशीच्या पुलाच्या वरच्या अंगाला इंद्रायणीच्या पात्रात एक बेट होतं. बेट म्हणजे फार मोठं काही मनात आणू नका. एका टोकाला विडी पेटवून चालायला लागलं, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती निम्मीही संपायची नाही. मधोमध चार करंजाची झाडं, भोवती लव्हाळ्याचं रान, आणि कडेने सगळीकडे चिखलाचा पट्टा. गुडघाभर पाण्यातून जाता यायचं. पण त्या पट्ट्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत जी गर्दी व्हायची, ती पाहून रंगरावांना पहिल्याच दिवशी वाटलं की आपण आजवर चुकीच्या थिएटरात काम करत होतो.

बगळा म्हणजे संवाद न बोलता सगळा प्रवेश खाऊन टाकणारा नट. ढोकरी मातीचा रंग अंगावर घेऊन बसायची, आणि उडाली की एकदम पांढरी, जशी शालू नेसून आलेली नायिका. धोबी पाखरं शेपटी हलवत इकडून तिकडे पळायची, ती नेपथ्याची माणसं. पाणकावळा पंख पसरून असा उभा राहायचा, जणू कुणी त्याचा कोट इस्त्रीला नेला आहे. आणि टिटवी म्हणजे प्रॉम्प्टर, पण सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

रंगराव लव्हाळ्यात उकिडवे बसायचे आणि कारखान्यातल्या जुन्या जॉबकार्डांच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखायचे : प्रवेश, संवाद, निर्गमन. पहिली पाळी असली की रविवारी, तिसरी पाळी असली की कारखान्यातून सुटल्यावर परस्पर. खाकी कपडे, हातात कार्ड आणि पेन्सिल. बेटावर म्हशी चारणाऱ्या भिमाजीने पंधरा दिवस हे पाहिलं आणि सोळाव्या दिवशी जवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "सायेब, ह्ये बेट बी कंपनीला घेनार व्हय?"

आजूबाजूची शेतं कारखान्यांसाठी मोजली जात होती, तेव्हा त्याची शंका अगदीच खुळी नव्हती. रंगरावांनी त्याला कार्ड दाखवलं. टिटवी किती वेळा ओरडली हे लिहून घ्यायला माणूस भोसरीहून सायकल हाणत येतो, हे कळल्यावर भिमाजीची काळजी मिटली आणि दया सुरू झाली. तेव्हापासून तो त्यांच्यासाठी रोज तांब्याभर दूध ठेवू लागला.

अशी तीन वर्षं गेली. मग १९७४ च्या थंडीत अरुंधतीबाई आल्या.

त्या चिंचवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. पुण्याच्या पक्षी पाहणाऱ्या एका मंडळात त्यांचं नाव होतं आणि गळ्यात वडिलांची जड दुर्बीण होती. त्या सकाळी पलीकडच्या काठावरून त्यांना लव्हाळ्यात काहीतरी खाकी हललेलं दिसलं. त्यांनी श्वास रोखून दुर्बीण लावली. आकार मोठा, मान आखूड, रंग मातकट. बाई वहीत लिहिणार, इतक्यात त्या पक्ष्याने थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला.

ओळख झाली ती भांडणातूनच. लव्हाळ्याच्या आत काहीतरी चुकचुकलं आणि रंगरावांनी न बघताच त्या पाखराचं गावाकडचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, दिसला नाही तर तो नाही. रंगराव म्हणाले, बोलला म्हणजे आहेच. बाईंनी त्यांना आपल्या वहीचा नियम सांगितला : डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पक्षी लिहायचा नाही. रंगराव आदबीने म्हणाले की बाई, शेजारच्या खोलीतून सासू बोलली तर सून काय आधी डोकावून बघते का सासूच आहे म्हणून?

बाई हसल्या, पण नियम बदलला नाही. पुढची चार वर्षं दर रविवारी हाच वाद चालला. मधल्या काळात बाईंनी रंगरावांना दुर्बिणीतून चोच, पाय, पंखावरची पट्टी पाहायला शिकवलं. रंगरावांनी बाईंना डोळे मिटून बसायला शिकवलं. तुतवार तीन सूर काढतो आणि तिसरा खाली सोडतो, शेकाट्या चिडला की कुत्र्याच्या पिलासारखा भुंकतो, हे बाई आता पाठ फिरवूनही ओळखायच्या. ओळखायच्या, पण लिहायच्या नाहीत. आधी वळून बघायच्या.

पुण्याच्या मंडळात बाईंचा मान बेताचा होता. तिकडची मंडळी टेकड्या आणि तलाव फिरणारी. कारखान्यांच्या धुराकडून येणारी एक शिक्षिका नदीतल्या चिमुकल्या बेटाबद्दल बोलते, तेव्हा ही मंडळी ऐकून घ्यायची आणि मग चहा मागवायची. बाईंनी हे एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. पण रंगरावांना विंगेतल्या माणसाचं दुःख विंगेतूनच कळायचं.

१९७८ च्या दिवाळीनंतर नंदकिशोरने नवं नाटक काढलं. त्यात डोंगरातल्या गावातली पहाट होती, आणि त्याला तिथलंच पाखरू हवं होतं. रंगरावांना विचार करावा लागला नाही. त्यांच्या गावच्या ओढ्यावर काळ्यानिळ्या अंगाचा एक पक्षी होता. बाई त्याला शीळकरी कस्तूर म्हणायच्या, गावात नुसता शीळवाला. माणूस वाटेने जाताना एखादं गाणं आठवत आठवत शीळ घालतो, मधेच सूर विसरतो, पुन्हा भलतीकडूनच उचलतो, तशी त्याची शीळ. गावाचं निम्मं शिवार धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून रंगरावांनी ती ऐकली नव्हती, पण ओठांना सगळी पाठ होती.

खोलीत सराव करायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी शेजारच्या दुर्गाबाईंनी दार वाजवून विचारलं की आमच्या पोरीला शीळ कोण घालतंय. मग तिसऱ्या पाळीहून सुटल्यावर रंगराव परस्पर बेटावर जाऊ लागले. करंजाखाली बसायचे, पाण्याकडे तोंड करायचे आणि सूर सोडायचे. आठ दिवसांनी शीळ अशी काही लागली की त्यांचं त्यांनाच अंग शहारलं. तो बुधवार होता, आणि नदीवर दाट धुकं होतं. मनाजोगं काम झाल्यावर त्यांनी भिमाजीचं दूध प्यायलं आणि सायकल मारत घरी जाऊन झोपले.

पुढच्या रविवारी बाई धावत आल्यासारख्या आल्या. बुधवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या पहाटेच पलीकडच्या काठावर येऊन बसल्या होत्या. आणि रंगराव, काय ऐकलं सांगू? शीळकरी कस्तूर. डोंगर सोडून सपाटीवर, नोव्हेंबरात, आणि गातोय. बाई पाण्यात उतरल्या, धडपडल्या, बेटावर पोचेपर्यंत पाखरू गेलेलं होतं. दिसलं नाही. "पण तुम्ही चार वर्षं सांगताय तेच खरं," बाई म्हणाल्या. "मी कानांवर विश्वास ठेवला. वहीत लिहिलं. शाईने."

रंगरावांच्या तोंडातली विडी विझली.

त्यांनी सांगायला हवं होतं, तिथेच आणि तेव्हाच. पण बाईंचं बोलणं थांबेना. त्यांनी पुण्याला कळवलं होतं. पुढच्या रविवारी चारजण मुद्दाम बेटावर येणार होते. या बेटावर, कारखान्यांच्या बाजूला, पहिल्यांदाच.

गुरुवारी रंगराव धीर करून चिंचवडला बाईंच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं, असं वाटेतल्या प्रत्येक खांबाला सांगत गेले. बाईंनी पोहे केले, आणि मंडळात वाचायचं टिपण वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ होती : ‘श्री. रंगराव यांनी मला कानांनी पाहायला शिकवले.’ आपलं नाव कधी कागदावर असं आलेलं रंगरावांनी पाहिलं नव्हतं. पोहे घशाखाली उतरेनात. छान झालंय, एवढंच बोलून ते परत आले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही खांबाकडे पाहिलं नाही.

सावित्रीबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. थापताना न थांबता त्या म्हणाल्या, "अवो, पाखराला न्हाई सांगायचं, बाईला सांगायचंय. एवढं काय अवघड?" नंदकिशोरचं मत अगदी उलटं होतं. त्याला यात अडचणच दिसेना. रविवारी लव्हाळ्यात बसायचं, एक प्रयोग द्यायचा, पाहुणे खूश, बाई खूश. सोमवारी पाखरू डोंगरात परत गेलं असं जाहीर करायचं. नट प्रवेश आटोपून गेला तर त्याला कुणी शोधत बसतं का?

रंगरावांना सावित्रीबाईंचं पटलं आणि नंदकिशोरचं सोयीचं वाटलं. रविवारी पहाटे ते लव्हाळ्यात जाऊन बसले.

पाहुणे उजाडता उजाडता आले. बाई पुढे, मागे तिघे मध्यमवयीन गृहस्थ आणि एक काठीवाले म्हातारे. पाण्यातून येताना एकाचा बूट चिखलाने ठेवून घेतला. काठापासून वीस पावलांवर सगळे थांबले. रंगरावांना लव्हाळ्याच्या फटीतून सगळे दिसत होते आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

बूट गेलेले गृहस्थ म्हणाले की बाई, पहाटे पहिल्या पाळीचे भोंगे होतात, कस्तूर म्हणजे त्यातलाच एखादा बारीक भोंगा नसेल ना? दोघे हसले. काठीवाले हसले नाहीत.

बाईंचा आवाज अगदी शांत होता. "तासभर थांबू. ऐकू आला नाही, तर मी नोंद मागे घेईन. आणि यापुढे मंडळाकडे एकही नोंद पाठवणार नाही."

रंगरावांनी ओठांशी नेलेली बोटं खाली घेतली. आता गप्प बसलं तर बाईंची वही कायमची मिटणार. शीळ घातली तर वही उघडी राहणार, पण खोट्यावर. नंदकिशोरच्या हिशेबात हे नव्हतं. टिटव्या ओरडून गप्प झाल्या. बूट गेलेल्या गृहस्थांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला. बाई एकदाही हलल्या नाहीत. फक्त त्यांच्या हातातली वही हळूहळू खाली जात होती.

रंगरावांनी ओठ ओले केले आणि सूर सोडला.

सगळे दगड झाले. शीळ पाण्यावरून गेली, मधेच विसरली, पुन्हा भलतीकडून उचलली. काठीवाल्यांनी हळूच टोपी काढली. बाईंनी पेन काढलं, घड्याळाकडे पाहिलं आणि लिहायला लागल्या. रंगरावांना फटीतून त्यांचा चेहरा दिसला. वर्षभर अभ्यास केलेल्या पोरीला पेपर सोपा जावा, तसा तो होता. तेवढ्या एका चेहऱ्याने त्यांना उठवलं. ते लव्हाळं बाजूला सारून उभे राहिले, खाकी कपड्यांत, कमरेपर्यंत चिखलात, आणि शीळ चालूच. अर्ध्यात सोडणं त्यांना जमेना. पुरी करूनच थांबले.

एक धोबी पाखरू सगळ्यांच्या मधून शेपटी हलवत गेलं.

"बुधवारीसुद्धा तुम्हीच?" बाईंनी विचारलं.

"व्हय बाई. नाटकासाठी. तुमी पलीकडं हाय हे ठावं न्हवतं."

"आणि आज?"

"आज ठावं हुतं," रंगराव म्हणाले आणि खाली बघितलं.

बाईंनी वहीवर एक आडवी रेघ मारली, मग मागचं पान काढून तिथेही मारली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं : नोंद रद्द. पक्षी प्रत्यक्ष पाहिला असता तो माणूस निघाला. चूक लिहिणाऱ्याची. बूट गेलेले गृहस्थ हसायला लागले, आणि त्यांच्या हसण्याला आता कुणी अडवणार नाही, असं रंगरावांना वाटलं.

तेवढ्यात काठीवाले पुढे आले आणि रंगरावांना म्हणाले, पुन्हा एकदा घाला. रंगरावांनी मान खाली घालूनच घातली. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून ऐकली. मग मंडळाकडे वळून ते म्हणाले की मी तीस वर्षं सह्याद्रीत हा पक्षी ऐकतोय, आणि आज मीही शाईनेच लिहिलं असतं. बाईंनी नोंद मागे घेतली ते योग्यच. पण पुढच्या नोंदी न पाठवण्याची अट पक्षी ऐकू न येण्याची होती. आणि ऐकू तर सगळ्यांनाच आलं. तेव्हा अट लागू होत नाही. एवढं बोलून त्यांनी काठी चिखलात रोवली आणि बूट गेलेल्या गृहस्थांना सांगितलं की दुसराही काढून ठेवा, पलीकडे शेकाटे आहेत, ते पाहू. अकरा वाजेपर्यंत त्या मंडळींनी बेटाचा सगळा काठ पालथा घातला, बत्तीस जातींची पाखरं लिहिली, आणि भिमाजीचं दूध संपवलं.

बाई मात्र रंगरावांशी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, भिमाजीच्या म्हशींचासुद्धा, पण रंगरावांच्या बाजूला पाहिलं नाही.

पुढचे तीन रविवार रंगराव बेटावर गेले नाहीत. मोशीच्या काठावर बसायचे आणि तिथूनच पाहायचे. पलीकडे बाई दिसायच्या, दुर्बीण लावलेल्या, पाठमोऱ्या. तिसऱ्या रविवारी भिमाजी पाण्यातून तांब्या घेऊन आला आणि म्हणाला की बाई इचारत हुत्या, त्यो मानूस आजारी हाय का काय. रंगरावांनी दूध न पिताच तांब्या परत केला. आपली आठवण निघाली याचा आनंद मानावा, की आजारपणाखेरीज आपण दुसऱ्या कशासाठी तोंड लपवणार नाही असं बाईंना वाटतं याची लाज वाटावी, हे त्यांना ठरवता येईना.

चौथ्या रविवारी मात्र सावित्रीबाईंनी डबा हातात दिला आणि सांगितलं की आज नदीच्या अलीकडे बसलात तर तसेच परत या, घरात बोहारणीला द्यायचे जुने कपडे काढायचेत. रंगराव पाण्यात उतरले. पाणी बर्फासारखं होतं. बेटाच्या कडेला बाई उभ्या होत्या. ते जवळ आले तरी त्यांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही.

"मला राग शिळेचा नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी माझ्या घरी पोहे खाऊन गेलात, त्याचा आहे."

रंगराव म्हणाले की पोहे खाल्लेच नव्हते, उतरले नव्हते. बाईंनी दुर्बीण खाली घेतली. पोह्यांची ताटली निम्मी भरलेली राहिली होती, हे त्यांना आठवलं असावं. मग वर्गात सांगतात तशा आवाजात म्हणाल्या :

"यापुढे बेटावर शीळ घालायची असेल तर आधी हात वर करायचा. मी हो म्हटलं तरच."

रंगरावांनी डबा डाव्या हातात घेतला आणि तिथल्या तिथे उजवा हात वर केला.

बाईंनी समोरच्या चिखलाकडे पाहिलं. तिथे दोन तुतवार चरत होते. त्यांचा बेत काय आहे, ते किती वेळ थांबतील, याचा त्यांनी निवांत अंदाज घेतला.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या.

रंगराव हात वर धरूनच उभे राहिले.